स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला ढगाळ दिवशी चोर्ला घाटात जायचं की नाही?

जायचंच. निळ्याभोर आभाळात उंचावरचा बाज हरवतो, पांढुरक्या ढगावर मात्र काळा ठिपका लगेच दिसतो. ऊन नसलं की गरम हवेचे झोत मंदावतात. मग पक्षी डोंगरधारेवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेतात आणि पुष्कळदा बरेच खालून जातात. तेव्हा नजर डोक्यावर नको, कड्याच्या रेषेवर ठेव.

अशा उजेडात रंग शोधत बसू नकोस, सगळेच काळे दिसतात. आकार बघ. मधुबाजाचं डोकं लहान, मान पुढे काढलेली, शेपूट लांब. घारीची शेपूट खाचेची, आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळते. हे एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

घिरट्या घालणारा थवा मोजू नकोस, तेच पक्षी दोनदा मोजले जातात. वर चढून ते एकामागून एक सरळ निसटू लागले की मोज. घिरट्या घालून परत दरीतच उतरणारा सर्पगरुड इथलाच, त्याला वेगळं लिही. दर तासाला वारा आणि ढग टिपून ठेव. पक्षी शून्य असले तरी तो तास लिहायचाच. धुकं चढलं तर थांब, तासाभरात फाटतंही.