जर्नल असूनही फाइल रिकामी कशी झाली?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीसाठी मी लिनक्सवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. नोंदींची फाइल तो दिवसभर उघडी ठेवतो आणि प्रत्येक नोंदीच्या वेळी जुना मजकूर पुसून सगळा मजकूर नव्याने लिहितो. एकदा ‘नोंद जतन झाली’ असा संदेश दिसल्यावर काही सेकंदांतच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा फाइल होती, पण तिचा आकार शून्य बाइट होता. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेत) जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, असताना असे का व्हावे?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपला प्रोग्रॅम ‘राइट’ करतो तेव्हा मजकूर डिस्कवर जात नाही, तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ताब्यातील स्मृतीत, म्हणजे पेज कॅशेमध्ये जातो. तेथून तो डिस्ककडे रवाना होण्यास नेहमीच्या मांडणीत सुमारे ३० सेकंद लागू शकतात. आपला संदेश खरा होता तो केवळ या स्मृतीपुरता.

जर्नलकडून आपण जी अपेक्षा केली, ती पूर्ण करणे हे त्याचे काम नाही. फाइलचे नाव, आकार, डिस्कवरील कोणते ब्लॉक (जागेचे तुकडे) कोणत्या फाइलचे, या माहितीतील बदल अर्धवट राहू नयेत म्हणून ते आधी जर्नलमध्ये नोंदवले जातात. आपल्या मजकुराची प्रत तेथे सहसा ठेवली जात नाही. ईएक्सटी-४ मध्ये जर्नलची नोंद साधारण दर ५ सेकंदांनी पक्की होते, पण नव्या मजकुरासाठी डिस्कवर जागा ठरवण्याचे काम मुद्दाम लांबणीवर टाकलेले असते. म्हणून ‘जुना मजकूर पुसला’ हा बदल आधी पक्का झाला आणि नवा मजकूर स्मृतीतच राहून विजेबरोबर गेला. फाइल सिस्टिम मात्र सुसंगत राहिली, आणि जर्नलने हमी दिली होती ती एवढीच.

अशा रिकाम्या फाइलींच्या तक्रारी २००९ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर आल्यानंतर, पुसून पुन्हा लिहिलेली फाइल बंद होताच तिचा मजकूर डिस्ककडे धाडण्याची सोय ईएक्सटी-४ मध्ये करण्यात आली. आपला प्रोग्रॅम फाइल बंदच करत नसल्यामुळे त्याला हा लाभ मिळाला नाही. तसेही या सोयीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही, कारण ती केवळ धोका कमी करते.

हमी हवी असेल तर ‘एफसिंक’ करावे लागते, म्हणजे स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून मगच परतण्याची आज्ञा कर्नलला द्यावी लागते. नवा मजकूर त्याच निर्देशिकेतील (फोल्डरमधील) तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा, तिच्यावर एफसिंक करावे, नंतर ‘रिनेम’ने तिला मूळ फाइलचे नाव द्यावे आणि शेवटी निर्देशिकेवरही एफसिंक करावे, मग वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, यांपैकी एक फाइल पूर्ण सापडते. एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशेलाही मजकूर उतरवण्याची आज्ञा देते. (मॅकओएसवर साधे एफसिंक तसे करत नाही, त्यासाठी वेगळी आज्ञा आहे.) ही आज्ञा पाळल्याचे डिस्कने खोटेच सांगितले, तर कोणतीही फाइल सिस्टिम काही करू शकत नाही.

एफसिंकचे उत्तर तपासणे, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दुर्दैवाने तोच सर्रास वगळला जातो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले की एफसिंक अयशस्वी झाल्यावर लिनक्स पेज कॅशेमधील ती पाने (मजकुराचे तुकडे) ‘लिहून झाली’ असे समजू शकते आणि पुन्हा केलेले एफसिंक यशस्वी ठरते, जरी मजकूर डिस्कवर पोहोचलेला नसला तरी. म्हणून २०१९ पासून तो डेटाबेस अशा वेळी मुद्दाम थांबतो आणि स्वतःच्या लॉगमधून (बदलांच्या नोंदींमधून) पूर्वस्थिती उभी करतो. आपणही एफसिंक अयशस्वी झाल्यास ‘नोंद जतन झाली’ असे दाखवू नये, आणि तोच कॉल पुन्हा करून समाधान मानू नये.

आपल्या कामासाठी मात्र मी एसक्यूलाइट हा प्रोग्रॅममध्येच जोडता येणारा छोटा डेटाबेस वापरण्याचा आग्रह धरेन. प्रत्येक देवघेवीला संपूर्ण फाइल लिहिण्याची गरज त्यामुळे उरत नाही, आणि वर सांगितलेली शिस्त तो स्वतः पाळतो. फक्त वेग वाढवण्यासाठी त्यातील ‘सिंक्रोनस’ ही (एफसिंक करण्याची) सोय बंद करू नये.