आधी ओहोटी बघ

चि. मुला,

आईवडिलांना मुंबई दाखवायची तुझी यादी वाचली. गेटवे, म्हातारीचा बूट, हाजी अली, सी लिंक, सिद्धिविनायक, जुहू आणि जमलंच तर राणीची बाग. ते शनिवारी रात्री येणार, सोमवारी परत लातूरला. मधला एक रविवार, आणि तू मला विचारतोस की क्रम कसा लावू? तो लावूच नकोस. राहतोस दादरला, रानडे रोडच्या मागे, समुद्र पायी पंधरा मिनिटांवर, आणि आईबापांना समुद्र दाखवायला जुहूला नेणार? टॅक्सीत बसून घामाघूम झालेल्या पाहुण्यांना मी जन्मभर गेटवेपर्यंत पोचवत आलो. त्यातला एकही रविवार माझ्या लक्षात नाही, त्यांच्याही नसेल.

दिवसभर दादर पश्चिम सोडायचं नाही. पण त्याच्याही आधी एक काम आहे, ते केल्याशिवाय मला पुढचं काही विचारू नकोस. ओहोटी कधी आहे, ते बघ.

दादरची चौपाटी गिरगावसारखी रुंद नाही. वाळू वर्षानुवर्षं झिजत आली आहे. भरतीला पाणी बरंच आत येतं आणि काही ठिकाणी पाय ठेवायला जागा उरत नाही. लोक नेमके तेव्हाच येतात, नाक मुरडतात, 'हीच का तुमची चौपाटी' म्हणतात आणि निघून जातात. चूक चौपाटीची नाही, त्यांनी वेळ बघितलेली नसते.

वेळ मोबाइलवर मिळते, मला माहीत आहे. मिळते ना? मग बघत का नाहीस? माझ्या वडिलांकडे मोबाइल नव्हता, पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पक्ष कुठलाही असो. या रविवारी त्रयोदशी आहे. तेराचे पाऊण म्हणजे पावणेदहा. सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांवर थोडं, म्हणजे चारच्या आसपास पाणी सर्वांत मागे गेलेलं. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही लांबवर जाणार. अष्टमीला आले असते तर भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, आणि संध्याकाळी सहाला भरती. तेव्हा मी तुला सरळ सांगितलं असतं, संध्याकाळी वाळूकडे फिरकूच नकोस. नशीब काढलंस.

म्हणजे चार वाजता वाळूवर. बाकीचा दिवस त्याच्या मागेपुढे बसव.

आणि हो, शिवाजी मंदिरची चारच्या नाटकाची तिकिटं काढलीस म्हणे. परत कर. परत होत नसतील तर कुणाला तरी देऊन टाक. नाटक मलाही प्रिय आहे. १९६५ साली ते नाट्यगृह झालं, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांचे रविवार तिथेच गेले. पण प्रयोग पुढच्या महिन्यातही लागेल. तुझे आईवडील, रविवार आणि दुपारी चारची ओहोटी हे तिन्ही पुन्हा कधी एकत्र येतील, ते तूच सांग.

सकाळी सहाला फुलबाजार. स्टेशनच्या बाहेर, पुलाखाली. तुझे वडील झेंडू लावतात असं तू म्हणाला होतास, म्हणजे त्यांना काही समजावत बसू नकोस. पोतं उसवलं की आतून ऊब येते, रात्रभर दाबलेल्या फुलांची. ते हात घालून बघतील, भाव विचारतील, आपल्याला काय मिळाला होता ते आठवतील आणि बहुधा चिडतील. चिडू देत. शेतकऱ्याला आपला माल शेवटी कुठे जातो ते बघायला मिळणं हे राणीच्या बागेतल्या पेंग्विनपेक्षा मोठं आहे.

मग नाश्ता. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष की आस्वादची मिसळ, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. रांग लागेल, लागू दे.

तिथून शिवाजी पार्क. १९२५ मध्ये खुलं झालं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांनी नगरसेविका म्हणून आग्रह धरला आणि महाराजांचं नाव लागलं. रविवारी सकाळी एकाच मैदानावर इतके सामने चालू असतात की कुठला फील्डर कुणाचा ते कळत नाही. पाच नंबरच्या गेटजवळ आचरेकर सरांचं स्मारक आहे. वडिलांना तो स्टंपवर ठेवलेल्या एका रुपयाचा किस्सा सांग. दिवसभर बाद झाला नाही तर नाणं सचिनचं. कट्ट्यावर अर्धा तास नुसतं बसा. तुला ते जमत नाही, मी बघितलंय. पाच मिनिटांत फोन काढतोस.

जेवायला मासे. आईला सवय नाही, तर सुरमईचा तुकडा सांग, काटा एकच असतो. बोंबील तू खा. मग घरी येऊन सगळ्यांनी झोपायचं. हो, झोपायचं. मुंबई बघायला येऊन झोपायचं का, असं विचारू नकोस. दुपारी दोनच्या उन्हात वाळूवर काय करणार आहेस?

साडेतीनला निघून आधी चैत्यभूमी. तुझी आजी दर सहा डिसेंबरला यायची, पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन जायची, हे तूच सांगितलंस. आणि यादीत चैत्यभूमी नाही! ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले, स्तूप १९७१ मध्ये झाला. आजीने गर्दीत, रांगेत उभं राहून बघितलेली जागा तुझी आई शांतपणे बघेल. घाई करू नकोस. इथे पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर माझी ओहोटीसुद्धा थांबेल.

शेजारच्या डेकवर उभं राहिलास की खाली पावसाळी नाल्याचं तोंड दिसेल. शहराचं पाणी अशाच तोंडांतून समुद्रात जातं. भरती त्याच्या वर चढली की पाणी बाहेर पडत नाही, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस आला की हिंदमाताचा सखल भाग पाण्याने भरतो. म्हणून महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते. मी भरतीचं वेड घेऊन बसलोय असं तुम्हा पोरांना वाटतं. जूनमध्ये गुडघाभर पाण्यातून ऑफिसला जाशील तेव्हा पाऊणकी कर.

मी स्वतः नोकरीभर चारची ओहोटी पाहिली नाही. फोर्टातल्या बँकेत चार म्हणजे कॅश जुळवायची वेळ. वडील संध्याकाळी सांगायचे, आज पाणी पार लांब गेलं होतं. मी हं म्हणून पेपर वाचायचो. ते गेल्यावर वाळूवर जायला लागलो, त्याचा सल आहे. म्हणूनच मी पागडीची खोली सोडली नाही. भाऊ डोंबिवलीला गेला, मेहुणा विरारला, दोघांकडे तीन तीन खोल्या. मला हट्टी म्हणतात. मुलगी म्हणते, बाबा, त्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी किती भांडलात. खोलीसाठी नाही भांडलो. कुठल्याही वारी मनात आलं की उठून पायी पाण्यापर्यंत जाता यावं, यासाठी भांडलो. हिशेबात बसत नसेल. बसवायचा नाही मला.

असो. वाळू स्वच्छ नसते, हे आधीच सांगून ठेव. प्लास्टिक असेल, वासही येईल, पोहायचं तर नावच काढू नका. पण पाणी हटलं की ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा दिसतात, मध्ये एक बारीक भोक. खाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत. आईला चपला हातात घेऊ दे. डावीकडे वरळीचं टोक, उजवीकडे वांद्रे, आणि मधे तुझा सी लिंक आख्खा, टोल न भरता. पाणी फिरलं की हळूहळू मागे सरत या. सूर्य सहाच्या सुमारास बुडेल.

रात्रीचं जेवण तुमचं तुम्ही बघा, तेवढी अक्कल तुला आहे. तिकिटांचं काय केलंस ते उद्या कळव. कुणी घेणारं नसेल तर माझी मुलगी आणि जावई जातील, मी चारला मोकळा नसतो.

तुझा,
काका