चौथ्या पानाच्या तळाशी

प्रश्न : मुलगी लातूरला राहून दोनदा नीटला बसली, सरकारी कॉलेज मिळेल इतके गुण आले नाहीत. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. ‘रोगांवर संशोधन करायचंय’ म्हणते. डॉक्टर झाल्याशिवाय ते कसं होणार? दोन एकर विकून तिला परदेशात एमबीबीएसला पाठवावं का?
– एक वडील, परभणी जिल्हा

उत्तर : तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. पहिल्या दोन पानांवर गुणांचा तक्ता आहे, क्लासच्या आठवडी चाचण्यांसकट. तिसऱ्यावर भावकीतल्या कुणाकुणाची पोरं डॉक्टर झाली त्याची यादी. त्यातच जाता जाता लिहिलंय, की मुलीच्या आईला दीड वर्षापूर्वी टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली, आता बरी आहे. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर: ‘मेसचा डबा अर्धा परत जातो. वजन ४४ होतं ते ३९ झालंय. महिनाभर खोकला आहे, जागरणामुळे असेल.’

मी डॉक्टर नाही. पण घरात टीबी होऊन गेलेला, महिनाभराचा खोकला आणि पाच किलो वजन कमी, हे तिन्ही एका पत्रात असताना करिअरचा सल्ला आधी कसा देऊ? या आठवड्यात तिला लातूरहून घरी आणा आणि सरकारी दवाखान्यात न्या. थुंकीची तपासणी तिथे मोफत होते. आईला टीबी झाला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. काही निघालं नाही तर देव पावला. निघालं तर आजार बरा होणारा आहे. नीटचा फॉर्म तोवर पडून राहू दे.

आता रागवा हवं तर, पण सांगतो. प्रत्येक चाचणीचा गुण तुम्हाला पाठ आहे आणि वजन मात्र सहीच्या वर आलं. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाही. लातूरच्या खोल्यांमध्ये पोरं ठेवलेल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा झाली आहे. रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न ‘किती पडले?’

तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, की आईच्या आजारपणात अभ्यास सोडून ही पोरगी दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर आईचं वजन करायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहायची. ‘नसता उद्योग’ हा तुमचा शब्द. त्याच उद्योगाबद्दल थोडं ऐका. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली प्रसिद्ध झाला. टीबीच्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला शिधा दिला. त्यांच्या निम्म्या कुटुंबांतल्या इतर माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. बाकीच्या घरांपेक्षा त्या घरांमध्ये नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही बरंच कमी दिसलं. यात नवं औषध नव्हतं, लस नव्हती. तांदूळ, डाळ, वजनकाटा आणि वहीत नीट लिहिलेले आकडे. तुमची लेक तेच करत होती, कुणी न सांगता.

‘डॉक्टर झाल्याशिवाय संशोधन नाही’ हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की तो एकदा उकरायलाच हवा. १८९७च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेणारे वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते. परळच्या संस्थेला आजही त्यांचंच नाव आहे. लुई पाश्चर रसायनशास्त्रज्ञ. आणि वर सांगितला तसा अभ्यास एकट्या डॉक्टरांच्या बळावर उभा राहत नाही. कोणत्या घरांना शिधा द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारा संख्याशास्त्रज्ञ, थुंकीतला जंतू ओळखणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, दारोदार जाऊन वजन घेणारी माणसं, सगळी लागतात. डॉक्टरचं काम समोरच्या रुग्णाला बरं करणं. हा आजार याच घरात का शिरला, शेजारच्या का नाही, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं शिक्षणही वेगळं.

वाटा तुम्हाला क्लासवालेही सांगतील: सूक्ष्मजीवशास्त्र किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणूशास्त्राची होते) किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, नेट (संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएचडी. आयसरची (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची) प्रवेश परीक्षा देणार असेल तर बारावी कोणत्या सालची चालते ते आधी पाहा.

पैशाचं खरं सांगतो. पीएचडीला पाच वर्षं सहज जातात. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यानंतर बरीच वर्षं प्रकल्पावरची कंत्राटी नोकरी, प्रकल्प संपला की दुसरा शोधा. गावात पाटी लागणार नाही. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी नेमकं काय करते?’ याचं उत्तर तुम्हाला चार वाक्यांत द्यावं लागेल. तेवढी तयारी ठेवा.

जमीन विकू नका. जी मुलगी डॉक्टर व्हायचंच नाही म्हणते, तिच्यासाठी तर नाहीच.

चार पानांत तिचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य आहे, तेही तुमच्या तोंडून. त्यामुळे यापुढचं मी तुमच्याशी बोलणार नाही. तपासणी झाली, ती चार घास नीट जेवायला लागली, की तिला मला लिहू द्या. गुणांचा तक्ता नको. ते कॅलेंडर रद्दीत गेलं नसेल तर त्या पानांचे फोटो पाठवायला सांगा.