‘रिपोर्टमध्ये काहीतरी लिहिलंय, मॅडम’

सांगली-मिरजेत समुपदेशन करायचं म्हणजे लोकांच्या फाइली बघायची सवय ठेवावी लागते. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आलेले पुष्कळ. हृदयाच्या डॉक्टरांनी "काही नाही, जा घरी" म्हटलेलं असतं, तरी माणूस समोर बसून म्हणतो, "रिपोर्टमध्ये काहीतरी लिहिलंय मॅडम, डॉक्टर सांगत नाहीत." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

हे गृहस्थ पतसंस्थेत कर्जाचं काम बघणारे, पंचेचाळिशीतले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हार्ट अटॅकनं गेला, म्हणून यांनीही तपासणी करून घेतली. रिपोर्टच्या शेवटी ओळ होती : ‘नो क्लॉट, नो व्हेजिटेशन’. दोन्हीकडे ‘नो’. पण यांनी ‘व्हेजिटेशन’ मोबाइलवर शोधलं, तिथून ‘एंडोकार्डियम’वर गेले, तिथून ‘एंडोकार्डायटिस’वर, आणि हा आजार जीव घेऊ शकतो हे वाचून रात्रभर जागे राहिले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. शिवाय नखं. या आजारात नखांखाली बारीक काळपट रेघा दिसू शकतात, हेही वाचलेलं. माझ्याशी बोलताबोलताही अंगठा ट्यूबलाइटच्या उजेडाकडे वळत होता.

सोबत पत्नी होत्या. मी कागदावर शब्द फोडून दाखवला. ग्रीक भाषेत ‘एंडोन’ म्हणजे आत. एंडोस्कोपीतला ‘एंडो’ तोच. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. आपला ‘हृदय’ शब्दही त्याच जुन्या कुळातला मानतात. हृदयाच्या कप्प्यांना आतून लागलेला पातळ, गुळगुळीत थर म्हणजे एंडोकार्डियम. झडपांवरही तोच असतो. बुयो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८३०च्या दशकात या थराच्या आजाराचं वर्णन केलं, सांधे धरणाऱ्या तापाशी हृदयाच्या दुखण्याचा संबंध दाखवला. ‘आयटिस’ जोडला की सूज, दाह. म्हणजे एक अवयवाच्या भागाचं नाव, दुसरं त्याच्या आजाराचं. आणि व्हेजिटेशन म्हणजे त्या थरावर, बहुधा झडपेवर, जंतुसंसर्गानं धरलेली गाठीसारखी वाढ. ती नाही, असंच तुमच्या रिपोर्टात लिहिलंय.

"अस्तर म्हणा की सरळ," पत्नी म्हणाल्या. "केवढं घाबरवलंय त्या नावानं!"

ते हसले. मलाही बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा त्याच रिपोर्टातल्या दुसऱ्या ओळीखाली पेनानं रेघ मारलेली होती. ‘ट्रिव्हियल एमआर’. "अस्तराचं कळलं मॅडम. आता तेवढं सांगा."

इथं बऱ्याच जणांचा, घरच्यांचा तर हमखास, गोंधळ होतो. अर्थ कळला की भीती जाईल असं वाटतं. जाते, चार दिवस. मग ती पुढचा शब्द धरते. म्हणून मी या वेळी अर्थ सांगितला नाही. "ते डॉक्टरांना एकदा विचारा," म्हटलं, आणि विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"शंभर टक्के खात्री. मला काही होणार नाही याची."

"पतसंस्थेत कर्ज मंजूर करताना मागता का शंभर टक्के खात्री?"

"छे! तसं केलं तर एक कर्ज सुटायचं नाही."

"मग काय बघता?"

"कागद बघतो. दोन जामीनदार, उत्पन्न, मागचं खातं. आणि सही करतो."

"तरीही बुडतात?"

"एखादं बुडतं की."

"त्या रात्री झोप लागते?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या हृदयाचे कागद पूर्ण आहेत. सहीच करत नाही मी."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलेलं नव्हतं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून एक गोष्ट मला जमते, असं मी म्हणेन : माणसाच्या स्वतःच्या कामातलं शहाणपण त्याच्याच हातात परत द्यायचं. माझा कल पहिल्यापासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराकडे आहे. सहकारी गेला, रिपोर्टात अवघड शब्द आला, यानं माणूस हलतो हे खरंच. पण ‘खात्री मिळालीच पाहिजे’ हा हट्ट त्याला महिनोन्‌महिने हलवत ठेवतो. हट्ट सुटून त्याची नुसती इच्छा उरली की श्वास मोकळा होतो.

नंतरच्या भेटी सवयी सुटण्यात गेल्या. थर्मामीटर पत्नीच्या कपाटात. अंगात कणकण वाटली तरच बाहेर. नखं बघावीशी वाटली की दहा मिनिटं थांबायचं. डॉक्टरांसाठी प्रश्न कागदावर लिहायचे, एकाच डॉक्टरांना एकदाच विचारायचे, उत्तर तिथंच लिहून घ्यायचं. घरच्यांनी "काही नाही हो तुम्हाला" हे दिवसातून दहादा म्हणणं बंद करायचं. त्या धीरानं शंकेला खतपाणीच मिळतं.

याचा अर्थ छातीतलं सगळं मनाचं असतं असा मुळीच नाही. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दम लागला तर माझ्याकडे नका येऊ, थेट दवाखाना गाठा. कृत्रिम झडप बसवलेल्यांनी किंवा एंडोकार्डायटिस होऊन गेलेल्यांनी दात काढण्याआधी हे दंतवैद्यांना आवर्जून सांगावं. हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात, म्हणून अशांना आधी अँटिबायोटिक देतात. आणि अशांचा ताप रेंगाळला तर अंगावर काढू नये.

हे जंतूंचं आमच्या गृहस्थांनीही वाचलं होतं, म्हणून किडलेली दाढ ते कित्येक महिने तशीच सोसत होते. झडपा चांगल्या आहेत, औषधाची गरज नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ती काढून घेतली. फोनवर म्हणाले, "दाढेचं काय झालं ते गूगलवर बघितलं नाही मॅडम. फक्त दुखतंय."