साधनं तोकडी असलेल्या परदेशी रुग्णालयात चार आठवडे शिकायला जातोय. नीतिशास्त्राची वेगळी तयारी लागते का?

लागते. कॉलेजात नीतिशास्त्राचा पेपर झालाय, तेवढं पुरणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. पुरणार नाही, कारण तिथे शिकवतात ती चार तत्त्वं (स्वायत्तता, हित, अपाय टाळणं, न्याय), १९७९ साली बीचम आणि चिल्ड्रेस यांनी मांडलेली, बहुतेक वेळा एक डॉक्टर आणि एक रुग्ण एवढंच डोळ्यांसमोर ठेवून शिकवली जातात. तुमच्या बाबतीत यजमान रुग्णालय हा तिसरा पक्ष असतो. तिथले वरिष्ठ तुम्हाला रोज तासभर शिकवणार असतील, तर तो तास ओपीडीतल्या रुग्णांच्या वाट्यातून जातो. म्हणूनच २०१० सालच्या 'वेट' (WEIGHT, परदेशी जाऊन घेतलेल्या आरोग्य-प्रशिक्षणासाठीची नैतिक) मार्गदर्शक तत्त्वांनी विद्यार्थ्याइतकीच जबाबदारी पाठवणाऱ्या संस्थेवर आणि पैसे देणाऱ्यांवर टाकली, आणि यजमानांवर पडणारा खर्च धरायला सांगितला.

निघण्यापूर्वी एक कागद करा. तीन रकाने: स्वतः करू शकतो, कुणी शेजारी उभं असेल तर करू शकतो, फक्त बघणार. निकष एकच, आज तुमच्या कॉलेजात तुम्हाला काय करू देतात. कागदावर दोन्हीकडच्या पर्यवेक्षकांच्या सह्या घ्या.

घोळ होतो तो रात्री. मेंदूज्वराचा संशय असलेलं मूल आलंय, वरिष्ठ ऑपरेशनमध्ये अडकलेत आणि नर्स एलपीचा (कमरेत मणक्यातून सुईनं पाणी काढून तपासायचा) ट्रे तुमच्यासमोर ठेवते. नाही म्हटलं तर मुलाला उपचार नाकारल्यासारखं वाटतं, आणि पांढरा कोट बघून समोरच्यांनी तुम्हाला डॉक्टर धरलेलंच असतं. अशा वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून वाक्य आधीच मोठ्यानं म्हणून घोटून ठेवा: "मी हे एकट्यानं कधी केलेलं नाही. सरांना निरोप देऊ या, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस आत्ताच द्यायचा का, तेही विचारू या." दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. एलपी लांबली तर चालते, पण तिच्यासाठी अँटिबायोटिक खोळंबता कामा नये. 'नाही' म्हणूनही तुम्ही उपयोगी पडता ते असं.

संमतीचंही तसंच. नातेवाइकाला दुभाषा करू नका; तो वाईट बातमी मवाळ करतो, लाजिरवाणे प्रश्न गाळतो. दुभाष्याला रुग्णाच्या शेजारी बसवा, तुम्ही रुग्णाकडे बघून बोला, दोन छोटी वाक्यं झाली की थांबा. "समजलं का?" विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी "घरी गेल्यावर काय सांगाल?" असं विचारा. "मी विद्यार्थी आहे, माझ्याकडून तपासून घ्यायला नाही म्हणू शकता" हे वाक्य तेवढं तिथल्या भाषेत पाठ करा. रुग्णांचे फोटो काढूच नका.

आता जी गोष्ट पाठवणाऱ्या विभागांना विचारायला विद्यार्थी कचरतात ती. यजमान देशातले विद्यार्थी बदल्यात तुमच्याकडे येतात का? त्यांचा व्हिसा आणि राहण्याचा खर्च कोण करतं? आल्यावर त्यांना रुग्णाला हात लावू देतात, की कोपऱ्यात उभं करतात? हे लेखी विचारा. उत्तर 'नाही' असेल तर निदान यजमान काय मागतायत ते त्यांनाच विचारून ठरवा: एखाद्या निवासी डॉक्टरच्या प्रशिक्षणाची फी असेल, नाहीतर नुसता पर्यवेक्षकाच्या वेळेचा मोबदला.