गॅस गीझर घेताय? आधी एवढं बघा

नव्या घराबद्दल अभिनंदन! या घरासाठी आणि कॅम्पर व्हॅनसाठी (आत राहण्याची सोय असलेली गाडी) इन्स्टंट, म्हणजे पाणी साठवून न ठेवता लगेच तापवणारा गीझर कोणता घ्यावा, असं विचारलंत. टाकीवाला गीझर नको म्हणताय ते ठीकच, पण दुकानात जाण्याआधी जागा बघा.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. प्लंबर म्हणेल, "खिडकी आहे ना, काही होत नाही." ऐकू नका. कोंदट जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. चक्कर येते तेव्हा कडी काढायचंही भान राहत नाही. गीझर मोकळ्या बाल्कनीत लावा आणि फक्त पाइप आत घ्या. तशी जागा नसेल तर सरळ विजेचा घ्या.

बाकी नवखे लोक इथे फसतात:

- इमारतीची पाण्याची टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावर पाण्याला दाब नसतो. मग गॅस गीझर पेटतच नाही आणि शिव्या मशीनला बसतात.
- विजेचा 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला 3 लिटर धारेत पाणी जेमतेम 14 अंशांनी तापवतो. मुंबईत बादलीभर आंघोळीला भागतं. नाशिकच्या डिसेंबरात शॉवरखाली कुडकुडाल.
- हा विजेचा गीझर 13 अँपिअर ओढतो. 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवाच, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

कॅम्पर व्हॅनचं म्हणाल, तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर 3 किलोवॉट म्हणजे 250 अँपिअर, विसरा! घरगुती गॅस गीझरही व्हॅनच्या आत नको. सुरुवातीला बाहेर शेगडी मांडून पातेल्यात पाणी तापवा.