डिशचे वजन पाहू नका, पसारा पाहा

प्रश्न : पुणे जिल्ह्यात टेकडीवर आमचा ३० मीटरचा चौपायी टॉवर आहे. माथ्यावरच्या ०.६ मीटर व्यासाच्या डिशऐवजी १.२ मीटरची बसवायची आहे. वजन वाढते जेमतेम तीस किलो. तरी कंत्राटदार पाया तपासायला सांगतो. खरेच गरज आहे का?

उत्तर : आहे. टॉवरला वजनापेक्षा वारा आडवा करतो. व्यास दुप्पट झाला की वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ चौपट होते : ०.२८ चौरस मीटरवरून १.१३. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३, २०१५) पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर देते. दूरसंचार टॉवर महत्त्वाच्या रचनांत मोडतो म्हणून १.०६ने गुणा, मोकळ्या मुलखात ३० मीटर उंचीसाठी १.१२ने. वेग येतो ४६.३. त्याचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२९० न्यूटन, साधारण १३० किलो दाब. डिशचा वारा अडवण्याचा गुणांक १.३ धरला (उत्पादकाचा तक्ता असेल तर तोच घ्या), तर नव्या डिशवर सुमारे १९० किलोंचा आडवा रेटा. जुनीवर पन्नासही नव्हता.

१९० किलो ३० मीटरवर, म्हणजे तळाशी ५.७ टन-मीटर. पायांत ४ मीटर अंतर असेल आणि वारा कोपऱ्याकडून, कर्णाच्या रेषेत आला, तर एका पायाला एक टन उचल आणि समोरच्याला तेवढाच दाब. हे एकट्या डिशपायी. बाजूवरचा वारा हाच भार दोन-दोन पायांत वाटतो, म्हणून फक्त तोच तपासला की आकडा फसवा निघतो.

शिवाय हा हिशोब सपाट जमिनीचा. १७ अंशांहून तीव्र उताराच्या माथ्यावर वेगाचा गुणांक १.३६पर्यंत जातो आणि भार वेगाच्या वर्गाने, म्हणजे १.८५ पट. दुसऱ्या जागेचे ड्रॉइंग जसेच्या तसे वापरले असेल, तर गफलत बहुधा इथेच सापडेल. पायाची उचल पेलतात काँक्रीट आणि त्यावरची माती. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरले की काँक्रीटचे परिणामी वजन घनमीटरला अडीच टनांवरून दीडवर येते. माती वाहून गेली असेल तर आधी ती भरा.

प्रश्न : गच्चीवरचा ताणांचा (तिरप्या तारदोरांनी धरलेला) मास्ट कलला आहे. एक ताण आवळून सरळ करू का?

उत्तर : नको. समोरचे ताण थोडे सैल करून मगच हा आवळा, एका वेळी टर्नबकलचा (ताण आवळायच्या स्क्रूचा) अर्धा फेरा, तोही वारा नसताना. ओळंबा काटकोनातल्या दोन बाजूंनी पाहा. दोरातली सुरुवातीची ओढ त्याच्या तुटण्याच्या भाराच्या साधारण १० टक्के ठेवतात. जास्त आवळण्यात शहाणपण नाही : ४५ अंशांतले तीन ताण प्रत्येकी ४०० किलोंनी ओढत असतील, तर मास्टवर साडेआठशे किलोंचा दाब येतो आणि बारीक मास्ट वाकतो. दुमडलेला दोर पकडणाऱ्या क्लिपचे खोगीर (दोर बसतो तो खाचेचा भाग) भार घेणाऱ्या लांब दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर.

ताण बदलायचा असेल तर आधी तात्पुरता ताण लावा, मग जुना सोडा. पोलंडमधला ६४६ मीटरचा रेडिओ मास्ट ८ ऑगस्ट १९९१ रोजी ताण बदलतानाच कोसळला.